कानातली ओळख

कुमुदताई आठल्ये दारात उभ्या राहिल्या, तेव्हा हिराने कानातलं यंत्र बोटाने नीट बसवलं. हल्ली तिला कुणाचीच ओळख राहत नसे. समोर आलेलं माणूस कोण, ते यंत्र तिच्या कानात हळूच सांगे.

“अगंबाई, या यंत्राचा शोध तुम्ही लावलात?” हिरा कौतुकाने म्हणाली. “या, बसा ना.”

जन्मभर जी ‘अगं कुमे’ म्हणायची, तिच्या तोंडचं ‘तुम्ही’ कुमुदताईंना बोचलं.

सांगलीत, हिराच्या स्कूटरच्या शेडमध्ये दोघींनी हे यंत्र बनवलं होतं. तारा हिराने जोडल्या, आवाज कुमुदने स्वतःचा भरला. भागीदारीचा कागद कधी केलाच नाही. एका डब्यातली भाकरी दोघींत मोडली, की झाला करार. मोठ्या कंपनीला मात्र कागदच हवा होता, आणि त्यावर एकच सही.

“दोन मालक असले की आमचे वकील अडून बसतात,” तिथले साहेब म्हणाले होते. हिराचं नाव मागाहून घालू, असं मनाशी म्हणत कुमुदने सही केली. ते मागाहून राहूनच गेलं.

“मी एकटीने नाही गं,” कुमुदताई खाली मान घालून म्हणाल्या. “तू आणि मी, दोघींनी बनवलं.”

हिराने मान कलती करून ऐकलं आणि ती हसली.

“नाही हो, तुम्ही एकटीनेच, असं ही कानातली बाई सांगतेय. आणि हिचा आवाज मला कधी फसवत नाही.”