साऱ्या गावाचा फोन

सरकारनं साऱ्या गावासाठी एक फोन दिला, अन् तो जाऊन बसला भुजंगराव पाटलाच्या ओसरीवर. त्याच पाटलाच्या कापसावर फवारणी करताना आश्रुबाला औषध बाधलं, तेव्हा गावकुसाबाहेरची त्याची बायको कडूबाई दहावीतल्या लेकीला, कस्तुराला, घेऊन धावतच ओसरीपाशी आली. दवाखान्याची गाडी बोलवायची होती.

पाटील वरूनच खेकसला, "वर चढू नको! फोनला हात लावू नको, बाटंल!"

माय हात जोडून उभी राहिली. पाटील जागचा हलला न्हाई. आश्रुबानं बोरीच्या दवाखान्याच्या वाटेवर, बैलगाडीतच जीव सोडला.

सात वर्षांनी कस्तुरा तालुक्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर झाली. आसपासच्या कुठल्याही गावचा फोन लागायचा तो तिनं स्वतःच्या हातानं बोर्डात वायर खुपसली की मगच.

एका दुपारी तिच्याच गावाहून फोन आला. "बाई, परभणीचा दवाखाना जोडा लवकर! माझ्या पोराला फवारणीचं औषध बाधलंय. पाया पडतो तुमच्या!"

तो आवाज ती जन्मात विसरली नसती. तिनं वायर उचलली, बोर्डाच्या भोकापाशी नेली अन् तिथंच धरून ठेवली.



"मालक, मी कडूबाईची कस्तुरा बोलायले. तुमचा फोन माझ्या हातानं जोडावा लागंल. लावू का हात?"