खरखर

बारीकसारीक आवाजही टिपणारे, स्वस्तातले दोन प्लॅनर हेडफोन टेबलावर होते. आवाज आणखी स्वच्छ यावा म्हणून त्यातल्या एकाच्या आतला फोम अच्युतरावांनी नुकताच काढला होता. तुलनेला गाणं नेहमीचंच: बायकोचा भूप, ती जाण्याआधी दोन महिने त्यांनीच घरी रेकॉर्ड केलेला.

पहिल्या हेडफोनमध्ये गाण्यामागे ती जुनी खरखर होतीच. फोम काढलेल्यात ती उलट जास्तच स्पष्ट झाली.

"शाल्मली, ऐक गं जरा. इतके हेडफोन उघडले, पण ही खरखर काही जात नाही."

मुलीनं डोळे मिटून ऐकलं. "बाबा, खरखर कुठली? आईला धाप लागलीये."

त्यांनी तो फोम काढलेला हेडफोन परत कानांवर चढवला. तान मध्येच तुटली. मग आजवर कधीच ऐकू न आलेला त्यांचा स्वतःचाच आवाज लांबून आला, "पुन्हा घे. रियाज कमी पडतोय तुझा."