वय वर्षं नऊ

जुहूच्या दुकानात मधुवंती मॅडमनी कापड टेबलावर पसरलं आणि चष्मा वर सरकवला. दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या शाळकरी पोरी इंग्रजी मुळाक्षरं, घर, झाड असं काय काय कापडावर भरायच्या आणि खाली आपलं नाव नि वय घालायच्या. तसलेच जुने दिसणारे नमुने मॅडम तिकडे विकायला पाठवतात. चहाच्या पाण्यात बुडवलं की कापड पिवळं पडतं, ते सोपं. पण टाका पोरीचा वाटायला हवा, आणि त्यांच्यासाठी भरतकाम करणाऱ्या दर्शनाचा मेला हात मुद्दाम वाकडा करायला गेलं तरी सरळच पडायचा.

म्हणून पहिल्या नमुन्याचा एक कोपरा तिने आपल्या थोरल्या मुलीकडून, गंधालीकडून भरून घेतला होता. एकच कोपरा, गंमत म्हणून. मॅडमना नेमका तोच आवडला. पुढचे सहाही याच हाताचे हवेत, म्हणाल्या. हात कुणाचा, ते दर्शनाने सांगितलं नाही. घर त्या कामावरच चाललं होतं. पाचवीतली पोर दोन महिने जोगेश्वरीच्या खोलीत सुई घेऊन बसली. शाळेच्या बाई दोनदा दारात येऊन गेल्या, तेव्हा दर्शनाने ताप आलाय म्हणून सांगितलं. शिष्यवृत्तीची परीक्षा त्यातच होऊन गेली.

आजचा हा त्यातला सहावा.

"दर्शना, हे काय गं? एकदम मशीनसारखं आलंय," मॅडम म्हणाल्या. "तो आधीचा हात कुठे गेला?"

दर्शनाने वाकून पाहिलं. खरंच की. एकूण एक फुली सारखी. सकाळी घडी घालताना तिला पोरीचं कौतुकच वाटलं होतं. परीक्षाही गेली आणि तो हातही गेला.

मॅडम चिडल्या नाहीत. कापड परत देऊन म्हणाल्या, तसं वाकडं जमणार असेल तर सांग, नाहीतर मी दुसरी बाई बघते.

दर्शना खोलीवर आली तेव्हा दार उघडंच होतं. गंधाली धाकट्या ऋताला मांडीत घेऊन बसली होती. सहा वर्षांच्या ऋताच्या बोटांत सुई होती आणि जीभ दातांत.

"आई, बघ ना," गंधाली हसत म्हणाली, "कसलं वाकडं घालते ही."

दर्शनाने दार लावून घेतलं.