अंग झाडलं नाही

हौसाक्कानं नवसाच्या बोकडाच्या पाठीवर तांब्यातलं पाणी ओतलं आणि सगळी भावकी टक लावून बघू लागली. बोकडानं अंग झाडलं की देवीनं तो स्वीकारला, अशी गावाची रीत. हा मात्र तिच्या पदराचं टोक चघळत निवांत उभा.

तीन तांबे झाले. शेवटी दीर वैतागला. "देवीला नको दिसतोय. घेऊन जा घरी, वहिनी."

'मुक्या जिवाला मारणं पाप आहे' म्हणून सकाळपासून घरात भांडलेली पुण्याची सून तांब्या उचलायला गेली, तर तो कोमट लागला. ती सासूच्या कानाशी लागून हळूच म्हणाली, "आत्या, तुम्हालापण दया आली ना त्याची?"

"दया कसली गं? रोज पहाटं दाराला शिंगं घासून त्योच मला उठवतो. त्यो नसला तर मला करमायचं न्हाई," हौसाक्का म्हणाली. "आन् रीत कुठं मोडली? पाणी गारच पायजे, असं देवी कधी बोलली?"

दुपारी पंगतीत तिनं शेजाऱ्यांच्या बोकडाचा रस्सा दोनदा मागून घेतला. तिचा बोकड तिच्याच पाठीला टेकून रवंथ करत बसला होता.