न हलणारी जागा

"शिडी घट्ट धर रे, सोडू नकोस." आईचं हे शेवटचं वाक्य फक्त मी ऐकलं होतं. ताई तेव्हा शाळेत होती. शिडी घसरली, असं मी सगळ्यांना सांगितलं.

आता वाचनालयाचा संगणक आम्ही दोघं सांभाळतो. आठवडाभर तो मुंगीच्या पावलांनी चालला होता. ताईनं शोधून काढलं, की मेमरीतली थोडी जागा कुणीतरी कुलूपबंद केली आहे. अशी जागा हलवता येत नाही, मग बाकीची कामं उरलेल्या जागेत दाटीवाटीनं खोळंबतात. पण कुलूप घालणारा प्रोग्रामच सापडेना.

"अगदी तुझ्यासारखी हट्टी आहे मेली," ताई हसली. तिनं संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. जागा परत कुलूपबंद झाली, आणि मघापेक्षा मोठी.

"आत आहे तरी काय, बघूच की." तिनं ती उघडली. पडद्यावर एकच ओळ पुन्हा पुन्हा उमटत खाली चालली होती, संपता संपेना.

"शिडी घट्ट धर रे, सोडू नकोस," ताईनं वाचलं. "कुणाचं रे हे?"

माझ्या तळहातांना शिडीचं गार लोखंड लागलं.

"शिडी घसरली नव्हती, ताई. पतंग बघायला मी सोडली होती."