सकाळची झोप

ढब्बू पुन्हा आडवा झाला. पलंगावर, बापाच्या कुशीत, डोळ्यांवर हात टाकून. दीड वर्षाचा जीव, पण पडला असा की जणू रात्रभर पोती उचलून आलाय.

आई ओला फडका घेऊन दारात उभी राहिली. गार पाण्याने तोंड पुसायचं आणि त्याला झोपूच द्यायचं नाही, असा आजचा बेत होता. बेत गेला पाण्यात.

"आता काय करू याचं?" ती म्हणाली.

उत्तर बाहेरच्या खोलीतून आलं. तिथे आत्या बसली होती. आत्या म्हणजे ढब्बूच्या बापाची मोठी बहीण. वरच्या मजल्यावर राहते, सल्ला द्यायला खाली येते. सल्ला फुकट, चहा मात्र आपला.

"सकाळची झोप तोडायची तर मन घट्ट लागतं," आत्या म्हणाली. "तुला नाही जमायचं."

आईला जमवायलाच हवं होतं. ती दातांच्या कवळ्या बनवायची. मेणात एकेक दात बसवायचा, हिरडीला रंग द्यायचा, कुणा म्हाताऱ्याचं हसू परत आणायचं. ढब्बू झाला तेव्हा तिने रजा घेतली. रजा संपल्यावर बिनपगारी रजा, ती संपल्यावर मालकाची दया. आता दयाही संपली होती. उद्यापासून कामावर यायचं तर ये, नाहीतर तुझ्या टेबलावर दुसरी बसेल, असा निरोप आला होता. काम तरी केवढं, सकाळपासून जेवणाच्या वेळेपर्यंत. तेवढा वेळ पोराकडे बघणारं कुणीतरी हवं होतं.

कोपऱ्यावर पाळणाघर होतं. तिथल्या ताईंचा नियम साधा. सकाळी झोपणारं मूल घ्यायचं नाही. सकाळी तिथे पोरं कोकलत असतात, नाचत असतात. त्यात झोपणाऱ्याला ठेवायचं कुठे, कपाटात? दुपारी एकदाच झोपायला लागला की आणा, म्हणाल्या. एकच जागा उरली होती, आणि हो की नाही ते विचारायला त्या आज फोन करणार होत्या.

बाप कुठे होता म्हणाल, तर बाप घरीच होता. गोदामात दुपारची पाळी, त्यामुळे सकाळभर घरी. पण बापाची झोप गाढ. एवढी गाढ की आत्या ती पाहुण्यांना सांगायची, घरात एखादं पदक आल्यासारखी. "लहानपणी शेजारी आग लागली. बंब आला घंटा वाजवत. सगळी गल्ली उठली, आणि आमचा हा कूस बदलून परत झोपला."

आता अशा माणसाला कपडे वाळत घाल म्हणून कोण सांगणार? दूध आण, पोराला बघ, भांडी लाव, यातलं काहीच त्याच्या कानापर्यंत पोचायचं नाही. परवा आईने ढब्बूला गदागदा हलवलं, तर बाप झोपेतच म्हणाला, "झोपू दे गं त्याला." इतकी गाढ.

आईने सगळं करून बघितलं होतं. परवा ढब्बूला बाहेर फिरवलं. तो कुत्र्यामागे पळाला, नळाखाली भिजला, एक बूट गटारात टाकला. जांभईचं नाव नाही. घरी आणला, तर सरळ आतल्या खोलीत गेला आणि बापाशेजारी आडवा.

"बाहेर नेलंस ना, दमला तो," आत्या म्हणाली.

काल आईने त्याला घरातच खेळवलं. तरी तेच.

"घरात कोंडलंस ना, पेंगला तो," आत्या म्हणाली.

आज तिसरा सल्ला यायच्या आत आईने फडका पलंगावर टाकला आणि ती वळली. चपला फटफटवत स्वयंपाकघरात गेली. तिथे आठवलं, ओला फडका पलंगावरच राहिला. गादी भिजेल. ओट्याजवळ पाणी सांडलं होतं, चपला चिंब झाल्या. तिने त्या तिथेच काढल्या आणि अनवाणी परत आली.

दार अर्धं उघडं होतं.

बाप उताणा पडून मोबाईलवर मॅच बघत होता. आवाज बंद. ढब्बू त्याच्या पोटावर बसला होता. डोळे टक्क उघडे. तोही मॅच बघत होता. कुणीतरी बाद झालं असावं, कारण दोघांनी एकदमच तोंड वाकडं केलं.

आईने एक पाऊल आत टाकलं. पायाखाली रबरी बदक आलं आणि चीं करून ओरडलं.

मोबाईल उशीखाली. बापाचा हात डोळ्यांवर. घुर्रर्र, आणि शेवटी एक बारीक शिट्टी. ढब्बू पोटावरून घरंगळला. त्याचाही हात डोळ्यांवर. घुर्रर्र. शिट्टी त्याला अजून जमत नव्हती. नुसती थुंकी उडाली.

मग त्याने एक डोळा उघडून बघितलं, आई गेली का.

"उठवू नकोस गं त्याला," बाहेरून आत्या म्हणाली. "दमून झोपलाय."

तेवढ्यात आईचा फोन वाजला. पाळणाघराच्या ताई होत्या. आई पलंगाच्या कडेला बसली. बापाच्या अगदी कानाशी.

"काय हो, मोडली का सकाळची झोप?" ताईंनी विचारलं.

"मोडली," आई म्हणाली. "दोघांची मोडली."

ताईंना ते काही कळलं नाही. "बरं, मग जागा ठेवू ना तुमच्यासाठी?"

आईने नवऱ्याकडे बघितलं. हाताखालची त्याची पापणी फडफडत होती. घोरणं तेवढं बिचारा प्रामाणिकपणे चालू ठेवत होता.

"जागा नको, ताई," ती म्हणाली. "घरातच एक जागा निघाला."