काचेआडचे ओठ

पोर्ट्रेटची कामं मिळावीत म्हणून पेस्टलनं मी स्वतःचंच चित्र काढलं. शहागंजचे फ्रेमवाले कय्युमभाई म्हणाले होते, "हार घातलेले नमुने नको, आपा. जितंजागतं कायतरी द्या."

दुकानात टांगण्याआधी नवऱ्याला दाखवावं म्हणून फ्रेम घरी आणली. त्यांनी चहा पिता पिता पाहिलं. "तोंड मिटलेलं काढलंस, लई बरं केलंस."

दुसऱ्या दिवशी दुपारी काचेवर ओठांपाशी वाफ दिसली. पदरानं पुसली, पण जाईना. ती आतल्या बाजूनं होती. मी मिटलेले काढलेले ओठ आता किंचित उघडे होते.

तेवढ्यात आतल्या खोलीतून नवऱ्याचा आवाज आला, "सांग ना, ऐकतोय मी."

बावीस वर्षांत पहिल्यांदाच, इतक्या मायेनं.

मी तर काहीच बोलले नव्हते.